जपानमधील पाच शहरे आणि एक डोंगर : शाकाहारी घराचा पंधरा दिवसांचा प्रवास

भाऊबीज आटोपून, म्हणजे ४ नोव्हेंबर २०२४ रोजी, आम्ही चौघे पुण्याहून निघालो आणि पंधरा दिवसांचा जपानचा प्रवास करून परत आलो. टोकियो, क्योटो, नारा, ओसाका, हिरोशिमा ही पाच शहरे आणि मध्ये कोयासान नावाच्या डोंगरावर एक रात्र, असा मार्ग होता. बरोबर माझ्या सासूबाई होत्या. त्यांचे वय ७१, अंडेही कधी खाल्लेले नाही, आणि चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य. कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला होती, त्यामुळे पहिला आठवडा त्यांचा नेम चालूच राहणार होता. यजमान मासे आवडीने खातात, मी खात नाही आणि तेरा वर्षांची लेक मिळेल ते खाते. आईंना घेऊन जपानला जाऊ नका, त्यांची उपासमार होईल, असे निघण्यापूर्वी अनेकांनी सांगितले होते. तसे झाले नाही, कारण एका चुकीनंतर आम्ही आधी जेवणाचा आणि मग स्थळांचा विचार करू लागलो. त्यामुळे जी स्थळे पाहिली तीही वेगळ्या नजरेने पाहिली गेली. हा धागा त्यासाठीच काढत आहे.

ती चूक आधी सांगते. टोकियोतील दुसऱ्या दिवशी आम्ही मुक्कामाजवळच्या एका लहान उपाहारगृहात उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, मागवल्या. चित्रात फक्त भाज्या दिसत होत्या, आणि मांस-मासे नाहीत ना, असे विचारल्यावर वाढणाऱ्या बाईंनी अगदी मनापासून मान हलवली होती. आईंचा अर्धा वाडगा संपल्यावर लेकीने फोनवरून भिंतीवरची पाटी वाचली, आणि रस्सा माशाच्या अर्कावर केलेला आहे हे कळले. आई काही बोलल्या नाहीत; वाडगा बाजूला सरकवून पाणी प्यायल्या आणि त्या रात्री जेवल्या नाहीत. त्या बाईंनी आम्हाला फसवले असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आपण फोडणीच्या तेलाला जसा वेगळा पदार्थ मानत नाही, तसे तेथे रश्श्याच्या पाण्याला कोणी मासा मानत नाही.

त्या पाण्याला दाशी म्हणतात आणि जपानी स्वयंपाकाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. मिसो सूप, शेवयांचा रस्सा, उकडलेल्या भाज्या, एवढेच नव्हे तर अंड्याची वळकटीसुद्धा दाशीवाचून होत नाही. ती प्रामुख्याने कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन वाळवलेल्या माशाच्या किसाची आणि कोंबू या समुद्री वनस्पतीची, बहुधा दोन्ही मिळून केलेली असते. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी कोंबूच्याच दाशीतून ग्लुटामेट वेगळे काढले आणि त्या चवीला उमामी हे नाव दिले. म्हणजे ती चव माशावाचूनही मिळते. ती मागायची कशी, एवढेच शिकावे लागते. आम्ही ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो दामे देसु’ हे वाक्य पाठ केले. मांस आणि मासे खात नाही, कात्सुओची दाशीही चालत नाही, असा त्याचा अर्थ. लेकीने मांसाचे अक्षरही ओळखायला शिकून घेतले. दाराच्या चौकटीत दोन माणसे एकाखाली एक उभी असावीत तसे ते दिसते, आणि दुकानातील पाकिटांवर ते पटकन सापडते.

टोकियोतील बहुतेक प्रसिद्ध जागांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यामुळे मी दोनच गोष्टी सांगते. असाकुसा भागातील सेन्सोजी हे शहरातील सर्वांत जुने देऊळ. इ.स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची म्हणजे अवलोकितेश्वराची मूर्ती आली, अशी त्याची कथा आहे. मुख्य मंडप १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला आणि १९५८ मध्ये पुन्हा उभा राहिला. तेथे गर्दी फार असते. मात्र तेथून नदीच्या कडेने दहा-पंधरा मिनिटे चालत गेल्यावर मात्सुचियामा शोदेन नावाचे लहानसे देऊळ लागते, तेथे चिटपाखरू नव्हते. तेथील देवता कांगितेन म्हणजे जपानमध्ये पोहोचलेला गणपती. मूर्ती कोणालाही दाखवली जात नाही. देवळात ठिकठिकाणी मुळ्याची जोडी आणि कापडी बटवा ही चिन्हे कोरलेली आहेत, आणि भाविक देवाला चक्क पांढरा मुळा वाहतात. आम्ही तेथेच एक मुळा विकत घेतला. आईंनी तो दोन्ही हातांत धरून, दूर्वांची जुडी ठेवावी तितक्या हळुवारपणे, समोर ठेवला आणि अथर्वशीर्ष म्हटले. वाहिलेले मुळे पुढे येणाऱ्या भाविकांना प्रसाद म्हणून देतात. आम्हालाही एक मिळाला आणि तो रात्री मीठ लावून खाल्ला.

दुसरी गोष्ट शिंजुकूमधील नाकामुराया या दुकानाची. १९१५ मध्ये इंग्रजांच्या तावडीतून निसटून आलेल्या रासबिहारी बोस यांना या दुकानाच्या मालक दांपत्याने आसरा दिला. पुढे १९१८ मध्ये त्यांच्या कन्येशी बोस यांचा विवाह झाला, आणि १९२७ मध्ये दुकानाच्या उपाहारगृहात बोस यांच्या देखरेखीखाली भारतीय पद्धतीची कोंबडीची करी सुरू झाली. जपानमध्ये तोवर करी होती ती इंग्रजांकडून आलेली, पिठाने दाट केलेली. ही करी वेगळी होती आणि आजही मिळते. यजमानांनी ती खाल्ली. मी आणि आई समोर बसून नुसता भात आणि लोणची खात होतो, पण ज्या घराने आपल्या क्रांतिकारकाला लपवले त्या घराच्या दारात आलो याचे समाधान जेवणापेक्षा मोठे होते.

९ नोव्हेंबरला शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने क्योटोला गेलो आणि चार रात्री राहिलो. मेपलची पाने तेव्हा नुकती लाल होऊ लागली होती. क्योटोत माझ्या मते एक स्थळ चुकवू नये, ते म्हणजे सांजुसानगेन्दो. सुमारे १२० मीटर लांबीच्या एकाच लाकडी मंडपात कान्नोनच्या १००१ मूर्ती उभ्या आहेत. मधली एक मोठी, आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या पाचशे पाचशे. मूळ इमारत १२४९ च्या आगीत गेली, त्या वेळी या मूर्तींपैकी १२४ वाचवता आल्या, आणि सध्याचा मंडप १२६६ चा आहे. या रांगांच्या पुढे अठ्ठावीस रक्षक देवता उभ्या आहेत. त्यांत ब्रह्मदेव आहे, इंद्र आहे, आणि चोचीच्या तोंडाचा गरुड बासरी वाजवतो आहे. छायाचित्र काढण्यास मनाई असल्यामुळे तेथे लोक खरोखर पाहतात. आई प्रत्येक मूर्तीपुढे थांबून पाटीवरचे नाव मला वाचायला लावत होत्या. तासाभराचे ठिकाण आम्ही अडीच तास पाहिले.

याच शहरात मला जो पदार्थ मिळाला त्यासाठी मी पुन्हा जपानला जाईन. गिओनमध्ये यासाका देवळाजवळ कामेया कियोनागा हे १६१७ पासूनचे मिठाईचे दुकान आहे. तेथे सेइजो कांकिदान नावाची मिठाई मिळते. ती कांगितेनच्या नैवेद्याची. नारा काळात चीनला गेलेल्या जपानी दूतांबरोबर आली असे सांगतात. तांदूळ आणि गहू यांच्या पिठाची पारी, आत अझुकी या लाल कडधान्याचे गोड पुरण, त्यात सात प्रकारची सुगंधी द्रव्ये, वरचे तोंड कमळाच्या आठ पाकळ्यांसारखे मुरडलेले, आणि सगळे तिळाच्या तेलात तळलेले. कागदातून बाहेर काढल्यावर आईंनी ती तळहातावर फिरवून पाहिली, कळ्या मोजल्या आणि म्हणाल्या, ‘‘अगं, हा तर आपला तळणीचा मोदक.’’ वरचे कवच फार टणक असते, ते हाताने फोडावे लागते. फुटताच उदबत्तीच्या, चंदन-दालचिनीच्या जवळ जाणारा वास येतो, तो पहिल्या घासाला थोडा परका वाटतो आणि नंतर जिभेवर रेंगाळतो. नारळाऐवजी कडधान्य आणि वेलदोड्याऐवजी ही सुगंधी द्रव्ये आली, पण आकार, तळणी आणि देव तोच राहिला.

एकादशी क्योटोतच आली. उपवासाला काय करायचे याची मला चिंता होती, पण ती व्यर्थ ठरली. तेथील किराणा दुकानांत दाराशीच गरम दगडांवर रताळी भाजत ठेवलेली असतात. याकीइमो म्हणतात त्यांना. साल जांभळे, आत पिवळाधमक मऊ गर, आणि साखरेचा पाक गळावा तितका गोडवा. त्याच्या जोडीला नोव्हेंबरात जिकडेतिकडे काकी नावाचे नारिंगी फळ मिळते. रताळी, काकी आणि दूध यांवर आईंचा उपवास पुण्यात होतो त्यापेक्षा उत्तम झाला. त्याच दिवशी आम्ही फुशिमी इनारीला गेलो. ही भाताच्या पिकाची देवता, देऊळ इ.स. ७११ मधले. डोंगरभर ज्या हजारो केशरी कमानी आहेत त्यांच्या मागच्या बाजूला देणगीदारांची नावे काळ्या अक्षरांत लिहिलेली असतात, ती परतीच्या वाटेवर दिसतात.

नाराला क्योटोहून एका दिवसात जाऊन आलो. तोदाइजी देवळातील सुमारे १५ मीटर उंचीच्या कांस्यबुद्धाचे नेत्रोन्मीलन इ.स. ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हातून झाले. हे बोधिसेन ७३६ मध्ये समुद्रमार्गे जपानला पोहोचले होते. डोळे रंगवताना त्यांच्या कुंचल्याला लांबच लांब निळी दोरी बांधली होती आणि तिचा भाग जमलेल्या लोकांनी हातात धरला होता, म्हणजे डोळे उघडण्याचे पुण्य सर्वांना मिळावे. ती दोरी नाराच्या शोसोइन भांडारात आजही जपलेली आहे. हरणांची छायाचित्रे सगळेच काढतात, आम्हीही काढली. त्यांची बिस्किटे तांदळाचा कोंडा आणि गव्हाचे पीठ यांची असतात. ती हातात घेतल्यावर लगेच द्यावीत, लपवून ठेवल्यास हरणे कपडे ओढतात.

आता कोयासान. ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नानकाइ कंपनीची रेल्वे गोकुराकुबाशीपर्यंत जाते, आणि तेथून पाच मिनिटांत केबलकार समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर नेऊन सोडते. कूकाइ या आचार्यांनी इ.स. ८१६ मध्ये येथे मठ स्थापला. ते ८०४ मध्ये चीनला गेले होते आणि तेथे प्रज्ञा नावाच्या भारतीय पंडिताकडे संस्कृत शिकले होते. आज डोंगरावर शंभरावर मठ आहेत आणि त्यांपैकी सुमारे पन्नास मठांत यात्रेकरूंना राहता येते.

संध्याकाळी साडेपाचला जेवण आले. लाखेच्या लाल चौरंगांवर लहान लहान वाडगे मांडलेले होते. या जेवणाला शोजिन र्योरी म्हणतात. त्यात मांस, मासे, अंडे नसतेच, शिवाय कांदा-लसूणही नसतो, कारण ते मनाला चंचल करतात अशी भिक्षूंची समजूत आहे. आईंचा चातुर्मास आदल्या दिवशी संपला होता, पण हे ऐकल्यावर त्या यजमानांकडे वळून म्हणाल्या, ‘‘बघ, मी एकटीच नाही.’’ गोमा-दोफू म्हणजे तिळाच्या दुधात कुझू या कंदाचे सत्त्व घालून आटवलेली खरवसासारखी वडी. ती चमच्याने तुटते आणि तोंडात तिळाचा स्निग्धपणा राहतो. कोया-दोफू हे थंडीत गोठवून वाळवलेले टोफू, जे रस्सा स्पंजासारखे शोषून घेते. दाशी कोंबू आणि वाळलेल्या शिताके अळिंबीची. पहिल्या चुकीनंतर आई प्रत्येक वाडगा आधी माझ्याकडे सरकवत असत. त्या रात्री त्यांनी एकही वाडगा सरकवला नाही.

पहाटे मठात गोमा विधी होता. गोमा म्हणजे होम. आचार्य अग्नीत समिधा टाकत होते, ढोल वाजत होता, आणि मंत्रांतले शब्द जपानी उच्चारांत इतके बदललेले होते की काही कळत नव्हते. फक्त प्रत्येक मंत्राच्या शेवटी ‘सोवाका’ असा शब्द येत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी आईंनी माझा हात दाबला. तो शब्द ‘स्वाहा’ होता. नंतर आम्ही ओकुनोइनला गेलो. उंच देवदारांखालून दोन किलोमीटरची वाट जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लाखांहून अधिक समाध्या आहेत. कूकाइ तेथे समाधिस्थ आहेत, निधन पावलेले नाहीत, अशी श्रद्धा असल्यामुळे रोज सकाळी सहाला आणि साडेदहाला त्यांच्यासाठी लाकडी पेटीतून जेवण नेले जाते. जुन्या समाध्या पाच दगडी टप्प्यांच्या आहेत, आणि त्यांवर सिद्धम् लिपीत वरून खाली ख, ह, र, व, अ ही बीजाक्षरे कोरलेली असतात: आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. शेवाळाखालचे ‘र’ अक्षर लेकीने बोटाने गिरवून ओळखले.

ओसाकात आम्ही एकच दिवस होतो. दोतोनबोरीचा झगमगाट मला फारसा भावला नाही. यजमानांनी ताकोयाकी म्हणजे आत ऑक्टोपसचा तुकडा घातलेले, थेट आपल्या आप्पेपात्रासारख्या तव्यात केलेले गोळे मनसोक्त खाल्ले.

हिरोशिमाविषयी जेवणाच्या ओघात लिहिणे मला जमत नाही, तरी एवढे लिहिते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी जो बॉम्ब पडला त्याने वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे गेली. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने १९१५ मध्ये बांधलेल्या प्रदर्शनगृहाचा सांगाडा नदीकाठी तसाच ठेवला आहे. संग्रहालयाचे तिकीट केवळ २०० येन होते. तेथे एका मुलाचा जळून काळा झालेला जेवणाचा डबा आहे, आतले अन्न कोळसा झालेले. प्रवासभर डब्यांचाच विचार करत आलेले आम्ही त्या काचेपुढे बराच वेळ उभे राहिलो आणि बाहेर आल्यावर कोणालाच भूक नव्हती. शहरातील ट्राम बॉम्बनंतर तिसऱ्याच दिवशी एका मार्गावर पुन्हा सुरू झाली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच शहराच्या ट्रामने मियाजिमा बेटाच्या धक्क्यापर्यंत गेलो. तेथील इत्सुकुशिमा देवळाची समुद्रातील कमान १८७५ ची आहे आणि केवळ स्वतःच्या वजनावर उभी आहे. भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा पाहता येईल अशा बेताने जावे.

प्रतिसाद (मालवण)

लेख मनापासून आवडला, पण एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. जपान हा मासे खाणाऱ्यांचा देश आहे आणि आम्ही किनाऱ्यावरची माणसे तेथे गेलो तेव्हा घरी गेल्यासारखे वाटले. मियाजिमावर अनागोमेशी मिळते, म्हणजे समुद्रातली वाम भाजून भातावर पसरलेली. हिरोशिमाच्या खाडीतली कालवे देशातल्या निम्म्याहून अधिक उत्पादनाची आहेत, आणि थंडीत ती शिंपल्यासकट निखाऱ्यावर भाजून देतात. कात्सुओबुशीबद्दलही लिहायला हवे. कात्सुओ हा आमच्या कुप्याच्या कुळातला मासा. त्याचे लांब तुकडे करून मंद उकळतात, काटे काढतात, मग कित्येक दिवस पुन्हा पुन्हा धुरी देतात, आणि उत्तम प्रतीच्या मालावर मुद्दाम बुरशी चढवून उन्हात वाळवतात. शेवटी तो लाकडासारखा टणक होतो आणि सुताराच्या रंध्यासारख्या, पण उलट्या बसवलेल्या पात्यावर किसतात. आमच्याकडे पावसाळ्यासाठी बांगडे आणि सुंगटे सुकवतात, त्यामागची गरज तीच, पण तेथे त्या गरजेतून एक सूक्ष्म कला उभी राहिली. ज्याने ती दाशी चाखली नाही त्याला जपानची चव अर्धीच कळली, असे मला वाटते.

धागाकर्ती

आपला मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या यजमानांनी तो वाचून दोनदा मान डोलावली. माझे म्हणणे एवढेच आहे की माशावाचूनचे जपानही तितकेच जुने आणि तितकेच अस्सल आहे. मठातले जेवण हे मूळ जेवणातून मासा काढून उरलेले जेवण नाही. ते शेकडो वर्षे स्वतंत्रपणे घडत आलेले आहे. ओसाकाच्या स्वयंपाकात कोंबूचा मान मोठा, कारण उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाहून मालवाहू जहाजे तो ओसाकाला आणत असत. कालवांची आणि वामीची माहिती मी मूळ लेखात द्यायला हवी होती, ती आपण दिलीत याबद्दल आभार.

प्रतिसाद (निशी-कासाई, टोकियो)

मी अनेक वर्षांपासून टोकियोच्या एदोगावा भागात राहते. येथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, आणि २०१९ मध्ये आपले योगेंद्र पुराणिक याच भागाच्या परिषदेवर निवडून आले, हे अनेकांना आठवत असेल. काही सूचना करते. ‘बेजितारियन’ हा शब्द येथे सर्वांना माहीत आहे, पण त्याचा अर्थ ताटात मांस दिसायला नको, एवढाच घेतला जातो. त्याऐवजी ‘शोजिन र्योरीसारखे’ असे सांगितल्यास स्वयंपाक्याला लगेच उमगते. कोपऱ्यावरच्या दुकानांतील उमेबोशीचा, म्हणजे खारवलेल्या आलुबुखारासारख्या फळाचा, भाताचा गोळा शाकाहारी दिसतो, परंतु त्यात पुष्कळदा कात्सुओचा अर्क असतो. नुसत्या मिठाचा शिओमुसुबी अधिक भरवशाचा. इनारी-सुशीचे टोफूचे खिसेही बहुधा माशाच्याच दाशीत मुरवलेले असतात. टोकियो स्थानकात टीज तानतान हे ठिकाण पूर्ण वनस्पतिजन्य रामेनसाठी, म्हणजे रश्श्यातील शेवयांसाठी, प्रसिद्ध आहे, मात्र तेथे कांदा-लसूण असतो. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: लहान उपाहारगृहात बदल करून मागू नका. दाशी सकाळीच एका मोठ्या भांड्यात केलेली असते, आणि नाही म्हणावे लागले की त्या माणसाला फार अवघडल्यासारखे होते. काय चालत नाही ते जपानीत लिहिलेले कार्ड दाखवा, आणि तो संकोचला की नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

प्रतिसाद (नाशिक)

रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटे? शिवाय वृद्ध माणसांसह इतके सामान कसे हलवलेत?

धागाकर्ती

ऑक्टोबर २०२३ मध्ये देशभराचा सात दिवसांचा पास २९,६५० वरून ५०,००० येन झाला. तेव्हा एक येन साधारण ५५ पैशांचा होता. टोकियो ते क्योटो एका बाजूचे तिकीट सुमारे १४,००० येन पडते, त्यामुळे टोकियोहून निघून पश्चिमेकडून परत येणाऱ्याला देशभराचा पास परवडत नाही. आम्ही टोकियो ते क्योटो सुटे तिकीट काढले आणि शेवटचे पाच दिवस कान्साइ-हिरोशिमा भागाचा पास घेतला. नानकाइ ही वेगळी कंपनी असल्यामुळे कोयासानचे तिकीट या पासात येत नाही. सामानासाठी ताक्क्यूबिन ही सेवा आहे. सकाळी एका हॉटेलात पेटी द्यायची, ती दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातील हॉटेलात पोहोचते. एका पेटीला दोन-तीन हजार येन लागले. कोयासानला आम्ही फक्त पाठीवरच्या पिशव्या घेऊन गेलो. केबलकारमध्ये मोठ्या पेट्या ओढत चढणारी मंडळी पाहिल्यावर हा खर्च सार्थकी लागल्याचे पटले.

प्रतिसाद (नागपूर)

कोयासानविषयी वाचून आनंद झाला. तेथील विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. आम्हा नागपूरकरांचे जपानशी नाते जुने आहे. जपानमध्ये जन्मलेले भदंत सुरई ससाई यांनी नागपूरला आपले घर मानले, आणि कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ मध्ये जपानी उपासिकेच्या साहाय्यातून उभे राहिले. आई-वडिलांना कोयासानला नेण्याची फार दिवसांची इच्छा आहे. वडिलांना जमिनीवर बसता येत नाही आणि आईचे गुडघे दुखतात. अशा वेळी मठातील मुक्काम झेपेल का? आणि एका रात्रीसाठी किती खर्च येतो?

धागाकर्ती

आपण उल्लेख केलेल्या पुतळ्याचे दर्शन आमच्याकडून राहून गेले याची मला खरोखर खंत वाटते. आम्ही त्या रस्त्यावरून दोनदा गेलो होतो. मुक्काम नक्की झेपेल, मात्र आरक्षण करतानाच सर्व लिहून कळवावे. आमच्या मठाने आईंसाठी जेवणाच्या वेळी आणि होमाच्या वेळी बुटकी खुर्ची ठेवली होती. झोपण्याची गादी जमिनीवरच असते, त्यामुळे पलंग असलेली खोली आहे का, हे वडिलांसाठी विचारून घ्यावे. स्नानगृह बहुधा सामायिक असते आणि रात्री लांब ओसरीवरून चालावे लागते, म्हणून जवळची खोली मागावी. दोन जेवणांसह आम्हाला माणशी साधारण १६,००० येन पडले. नोव्हेंबरच्या मध्यावरही पहाटे हाडे गोठवणारी थंडी होती, तेव्हा लोकरीचे मोजे न्यावेत, कारण मठात पादत्राणे काढून फिरावे लागते. ओकुनोइनची पूर्ण दोन किलोमीटरची वाट चालण्याची गरज नाही. केबलकारच्या स्थानकापासून गावात बस जाते, तिने ओकुनोइन-माए या थांब्यावर उतरावे. तेथून वाट निम्मी होते आणि चढही फारसा लागत नाही. साडेदहाची जेवणाची पेटी पाहायची असेल तर सव्वादहापर्यंत कूकाइंच्या समाधीपुढच्या पुलाजवळ पोहोचावे.